कुर्द प्रश्नावर अभ्यासवर्ग घ्यायचा असेल तर

कोल्हापुरातील वाचनालये, महाविद्यालयांचे राज्यशास्त्र विभाग आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका येथे कुर्द प्रश्नावर बोलले जाते तेव्हा ‘स्वतःचा देश नसलेला एक मोठा समाज’ या वाक्याने विषय सुरू होतो आणि बहुधा तेथेच थांबतो. ऐकणाऱ्याला हळहळ वाटते, परंतु पुढे वर्तमानपत्रात किर्कुक किंवा कोबानी हे नाव आले तर बातमीचा अर्थ लागत नाही. हा विषय मनापासून शिकवायचा असेल तर दीड-दोन तासांच्या दोन बैठका ठेवाव्यात आणि दोन्हींत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा: कुर्दांना जे वचन मिळाले त्याला जामीन कोण होता? या समाजाला वचने मिळालीच नाहीत असे नाही. ती मिळाली, अनेकदा लेखी मिळाली, आणि जामीन उठून गेल्यावर हाती नुसता कागद राहिला.

आरंभ नकाशाने करावा. छापील राजकीय नकाशा भिंतीवर लावण्याऐवजी फळ्यावर आधी झाग्रोस आणि तोरोस या पर्वतरांगा काढाव्यात, त्यांच्या आसपास दियारबकीर, महाबाद, एर्बिल, सुलेमानिया आणि कामिशली ही शहरे मांडावीत आणि मगच तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया यांच्या सीमा दुसऱ्या रंगाच्या खडूने ओढाव्यात. सीमा नंतर आल्या आणि वस्ती आधीची आहे, हे त्यामुळे न सांगताच लक्षात येते. लोकसंख्या साधारण तीन ते चार कोटी सांगावी, पण हा अंदाज आहे हेही सांगावे. कुर्द बहुसंख्येने सुन्नी असले तरी त्यांच्यात अलेवी, शिया आणि यझिदीही आहेत, आणि कुर्मांजी व सोरानी या त्यांच्या दोन प्रमुख बोलींच्या लिप्याही वेगळ्या आहेत, एवढी नोंद येथे पुरे.

त्यानंतर फळ्यावर स्वायत्तता, सुरक्षा आणि राजकीय मान्यता असे तीन रकाने पाडावेत व त्यांखाली चारही देशांच्या ओळी आखाव्यात. ‘कुर्दांची मागणी काय?’ हा प्रश्न एकवचनी विचारला की उत्तर चुकते. सीरियात १९६२ साली हसाका प्रांतात एका दिवसाची विशेष जनगणना झाली आणि सुमारे १,२०,००० कुर्द नागरिकत्वाला मुकले. त्यांच्या कुटुंबांसाठी मान्यता म्हणजे प्रथम नागरिकत्वाचा कागदच होता आणि त्याची तरतूद २०११ साली, सरकार उठावाने अडचणीत आल्यावर झाली. इराकमध्ये मात्र २००५ च्या संविधानाने कुर्दिस्तान प्रदेशाला मान्यता दिली आणि कुर्दी भाषेला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केले. तेथील वाद तेल, अर्थसंकल्पातील वाटा आणि किर्कुकसारखा विवादित भूभाग यांवर आहे. या दोन ओळी शेजारी-शेजारी भरल्या की पुढचे काम सोपे होते.

पहिल्या बैठकीचा उरलेला वेळ कागदपत्रांना द्यावा. पहिल्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी ऑटोमन साम्राज्याशी केलेल्या १० ऑगस्ट १९२० च्या सेव्रच्या तहातील ६२ ते ६४ ही कलमे मराठीत उतरवून त्यांच्या प्रती काढाव्यात आणि उपस्थितांपैकी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावीत. ब्रिटन, फ्रान्स व इटली यांनी नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने सहा महिन्यांत युफ्रेटिसच्या पूर्वेकडील कुर्दबहुल भागासाठी स्थानिक स्वायत्ततेची योजना आखावी, आणि तह अमलात आल्यापासून वर्षभरात तेथील बहुसंख्य लोकांनी स्वातंत्र्य मागितले व राष्ट्रसंघाच्या मंडळाने त्यांना पात्र ठरवले तर तुर्कस्तानने त्या भागावरील हक्क सोडावा, असे त्यात लिहिले आहे. वाचन संपल्यावर लगेच त्याची जागा घेणारा २४ जुलै १९२३ चा लोझानचा तह समोर ठेवावा आणि त्यात कुर्दांचे नाव शोधायला सांगावे. ते सापडत नाही. मधल्या तीन वर्षांत तुर्की राष्ट्रवादी नेता मुस्तफा केमालच्या सैन्याने रणांगणावर परिस्थिती पालटली होती, आणि तहावर सही करणाऱ्या बड्या राष्ट्रांना नव्या तुर्कस्तानशी समेट हवा होता. लोझानने अल्पसंख्याकांना दिलेले विशेष संरक्षण मुख्यतः बिगरमुस्लिमांपुरते होते. कुर्द मुस्लिम असल्याने त्यातही बसले नाहीत.

याच क्रमाने महाबादकडे यावे, पण तेथे रेंगाळू नये. २२ जानेवारी १९४६ रोजी इराणच्या वायव्येस कुर्द नेते काझी मुहम्मद यांनी सोव्हिएत फौजांच्या आधाराने प्रजासत्ताक जाहीर केले, सोव्हिएत फौजा माघारी गेल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते कोसळले आणि ३१ मार्च १९४७ रोजी काझी मुहम्मद यांना फाशी देण्यात आली.

रेंगाळायचे ते इराकच्या १९७० ते १९७५ या पाच वर्षांवर, कारण माझ्या मते संपूर्ण प्रश्न येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. ११ मार्च १९७० रोजी बगदादचे बाथ पक्षाचे सरकार आणि कुर्द नेते मुल्ला मुस्तफा बारझानी यांच्यात करार झाला. इराक हा अरब आणि कुर्द या दोन समाजांचा देश आहे हे त्यात मान्य झाले, कुर्दबहुल भागात कुर्दी भाषेला अधिकृत स्थान मिळाले आणि चार वर्षांत स्वायत्तता देण्याचे ठरले. किर्कुकचा निर्णय मात्र जनगणनेवर सोडला गेला आणि ती जनगणना लांबणीवर पडली. १९७४ साली सरकारने किर्कुक वगळून स्वायत्ततेचा कायदा एकतर्फी जाहीर केला, तेव्हा बारझानींनी इराणचा शाह आणि अमेरिका यांच्या मदतीच्या भरवशावर युद्ध पुकारले. ६ मार्च १९७५ रोजी अल्जिअर्स येथे शाह आणि सद्दाम हुसेन यांचा समझोता झाला. शत्त-अल-अरब नदीतील सीमा इराणला हवी तशी मिळाली, त्याबदल्यात कुर्दांची रसद तुटली आणि काही आठवड्यांत उठाव मोडला. येथे थांबून उपस्थितांना विचारावे की १९७० च्या कराराला त्रयस्थ जामीन असता तर काय झाले असते. या प्रश्नावर अर्धा तास चर्चा झाली तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये.

दुसऱ्या बैठकीत अन्फाल, म्हणजे सद्दाम सरकारची कुर्दांविरुद्धची लष्करी मोहीम येते. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा शहरावर रासायनिक अस्त्रांचा मारा होऊन सुमारे ५,००० माणसे मेली. त्या दिवसाची छायाचित्रे सहज मिळतात, पण वर्गात तरुण मुले असतील तर ती पडद्यावर दाखवू नयेत. मृतांची प्रतिष्ठा राखणे हा या अभ्यासाचाच भाग आहे आणि घटना शब्दांतही पुरेशी पोहोचते. त्यानंतर आखाती युद्धापाठोपाठचा १९९१ चा उठाव, पर्वतांकडे पळालेले लाखो लोक, या दडपशाहीचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ६८८ आणि ३६ व्या अक्षांशाच्या उत्तरेस अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकी विमानांना केलेली बंदी हा क्रम सांगावा. या वेळी जामीन प्रत्यक्ष आकाशात हजर होता, म्हणून १९९२ ची निवडणूक होऊ शकली आणि स्वायत्तता उभी राहिली. त्याच स्वायत्त प्रदेशात १९९४ ते १९९८ या काळात मुल्ला मुस्तफांचे पुत्र मसूद बारझानी व त्यांचे प्रतिस्पर्धी कुर्द नेते जलाल तालबानी यांच्या पक्षांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, हेही लपवू नये; सहानुभूती खरी असेल तर तिला हे सत्य सोसते. २५ सप्टेंबर २०१७ च्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, कोणतेही बडे राष्ट्र पाठीशी उभे राहिले नाही आणि तीन आठवड्यांतच किर्कुक इराकी सैन्याच्या ताब्यात गेले.

तुर्कस्तानची ओळ भरताना वर्गात आवाज चढतात. कुर्दिस्तान कामगार पक्षाला म्हणजे पीकेकेला तुर्कस्तान, अमेरिका व युरोपीय संघ दहशतवादी मानतात. १९८४ पासूनच्या संघर्षात ४०,००० हून अधिक माणसे मेली. याच काळात हजारो कुर्द गावे रिकामी करण्यात आली. ही तिन्ही विधाने एका दमात सांगावीत, एकही गाळू नये. संसदीय मार्ग कसा अडला हे दाखवायला लेला झाना यांचा प्रसंग घ्यावा. कुर्दी भाषेवरील बंदीचा कायदा रद्द होऊन काही महिनेच झाले होते. १९९१ साली खासदार म्हणून शपथ घेताना त्यांनी लाल, पिवळ्या व हिरव्या या कुर्द रंगांची पट्टी केसांना बांधली होती, आणि तुर्की शपथ पूर्ण करून दोन्ही समाजांच्या बंधुभावाविषयी एक वाक्य त्या कुर्दीत बोलल्या. सभागृहात गदारोळ झाला. १९९४ मध्ये त्यांचे संसदीय संरक्षण काढून घेतले गेले आणि २००४ पर्यंत त्या तुरुंगात होत्या.

कोल्हापुरात हा विषय निघाला की बेळगाव-निपाणीची आठवण कोणीतरी काढतेच, आणि ती काढू द्यावी. मातृभाषेतील शाळा, कार्यालयातील कागद व दुकानाची पाटी यांवरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या का लढतात हे येथील श्रोत्याला वेगळे समजावावे लागत नाही. मात्र तुलना तेथेच थांबवावी. सीमाभागातील मराठी माणसाचे नागरिकत्व कोणी काढून घेतलेले नाही, त्याची भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. हा फरक संयोजकाने स्वतः मांडावा. श्रोत्यांवर सोडला तर चर्चा कुर्दांना विसरून महाजन अहवालावर जाते आणि परत येत नाही.

शेवटी सीरिया व तुर्कस्तान यांच्या ओळींतील ताजा भाग पेन्सिलीने भरावा व शेजारी तारीख घालावी. २०१४-१५ मध्ये उत्तर सीरियातील कोबानी शहराचा वेढा मोडणाऱ्या कुर्द लढवय्यांना आयसिसविरुद्ध अमेरिकेची साथ होती, तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सैन्य सीमेवरून हटताच तुर्की फौजा आत आल्या. १० मार्च २०२५ रोजी कुर्दांच्या नेतृत्वाखालील सीरियन लोकशाही दलाचे सेनापती मझलूम अब्दी आणि सीरियाचे हंगामी अध्यक्ष अहमद अल-शरा यांनी दमास्कसमध्ये ते दल सरकारी यंत्रणेत सामील करण्याच्या करारावर सह्या केल्या. पीकेकेचे तुरुंगातील संस्थापक अब्दुल्ला ओजलान यांच्या फेब्रुवारी २०२५ मधील आवाहनानंतर मे महिन्यात पीकेकेने विसर्जनाची घोषणा केली आणि ११ जुलै रोजी सुलेमानियाजवळ काही शस्त्रे जाळली. यापुढच्या बातम्या वर्गाने वाटून घ्याव्यात: एकाने सीरियातील कराराची कलमे कितपत अमलात येतात ते पाहावे, दुसऱ्याने तुर्कस्तानात कुर्दी माध्यमाच्या शिक्षणाला कायद्यात जागा मिळते का हे तपासावे, आणि तिसऱ्याने निवडून आलेल्या कुर्द महापौरांना हटवून सरकारी विश्वस्त नेमण्याची २०१६ पासूनची पद्धत थांबते की चालू राहते, याची नोंद ठेवावी.