जेन्किन्सचे बिल्ड-मेल योग्य माणसाला जावेत म्हणून आधी करायची तयारी

जेन्किन्स म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासणारा (बिल्ड करणारा) सर्व्हर. बिल्ड मोडलं की तो मेल पाठवतो. त्यासाठी मेल सर्व्हर, पोर्ट, पासवर्ड भरणं हे सगळेच करतात. टेस्ट मेल स्वतःला आला की पुढे चला. मेलसाठी जेन्किन्सचं 'ईमेल एक्स्टेन्शन' हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घ्या. साध्या मेलरमध्ये कोणाला पाठवायचं याचे पर्याय फार तुटपुंजे आहेत.

आता जेन्किन्स बाजूला ठेवा आणि रेपोकडे, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्याकडे या. मागच्या वेळी हीच पायरी राहिली होती, म्हणून आधी हीच करा. शेवटच्या ५० कमिटचा (नोंदवलेल्या बदलांचा) गिट लॉग काढा आणि प्रत्येक ओळीत दोन ईमेल पत्ते छापा, ऑथरचा (बदल लिहिणाऱ्याचा) आणि कमिटरचा (तो रेपोत नोंदवणाऱ्याचा). दोन्ही एकच असतील असं गृहीत धरू नका. गिटहबवर ब्राउझरमधून 'स्क्वॉश अँड मर्ज' (सगळे कमिट एकात करून मुख्य कोडमध्ये मिसळणं) केलं की ऑथर कोड लिहिणाराच राहतो, पण कमिटरच्या जागी 'गिटहब' आणि त्याचा नोरिप्लाय पत्ता (ज्यावर पाठवलेला मेल कोणी वाचत नाही) बसतो. दुसऱ्या कोणी रिबेस करून (कमिट नव्या पायावर पुन्हा रचून) पुश केलं तर कमिटर तो दुसरा. आणि जेन्किन्सचं गिट प्लगइन, वेगळं काही सांगितलं नाही तर, कमिटरच वाचतं. मग बिल्ड मोडतं आणि ज्याच्या कोडमुळे मोडलं त्याला काही कळतच नाही.

उपाय एका ओळीचा आहे: जेन्किन्स जॉबच्या सेटिंगमध्ये, गिटच्या बिहेवियर्समध्ये 'यूज कमिट ऑथर इन चेंजलॉग' जोडा (चेंजलॉग म्हणजे त्या बिल्डमध्ये आलेल्या बदलांची यादी). मल्टिब्रँच जॉब (रेपोच्या प्रत्येक ब्रँचसाठी वेगळं बिल्ड करणारा) असेल तर ब्रँच सोर्सखाली जोडा. पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये) चेकआउट, म्हणजे कोड आणण्याची पायरी, हाताने लिहिलं असेल तर तिथेही. एका जॉबला केलं म्हणजे सगळ्यांना झालं असं होत नाही. प्रत्येक जॉब उघडून बघा.

ऑथरचे पत्तेही डोळ्यांखालून घाला. गिटहबवर ईमेल खाजगी ठेवलेल्यांचा ऑथर पत्तासुद्धा नोरिप्लाय निघू शकतो, आणि घरच्या लॅपटॉपवरून आलेल्या कमिटवर खाजगी जीमेल. अशांकडून ऑफिसचा पत्ता गिट कॉन्फिगमध्ये आणि जेन्किन्स प्रोफाइलमध्ये भरून घ्या. ज्यांचं जेन्किन्सवर खातंच नाही त्यांना प्लगइन मुळात मेल पाठवत नाही. कन्सोल लॉगमध्ये 'नॉट सेंडिंग मेल टू अनरजिस्टर्ड यूजर' दिसलं तर कारण हेच. त्यावर सगळ्यांना सरसकट परवानगी देणारा पर्याय चालू करू नका, खाती बनवा.

मग मेल घेणाऱ्यांची यादी कोणती? 'कल्प्रिट्स' म्हणजे शेवटच्या न मोडलेल्या बिल्डपासून कमिट केलेले सगळे. बिल्ड ३ दिवस लाल राहिलं की निम्मी टीम त्यात येते आणि लोक मेलला फिल्टर लावतात. एकदा फिल्टर लागला की तो काढायला कोणी जात नाही. म्हणून फेल झाल्यावर प्रत्येक वेळी नको. पाइपलाइनच्या पोस्ट भागात 'रिग्रेशन' (चांगलं चाललेलं बिल्ड मोडलं) आणि 'फिक्स्ड' (मोडलेलं पुन्हा ठीक झालं) एवढ्यावरच पाठवा. नव्या ब्रँचच्या पहिल्या बिल्डला चेंजलॉगच नसतो, लॉगमध्ये 'फर्स्ट टाइम बिल्ड. स्किपिंग चेंजलॉग' येतं आणि कल्प्रिट्स रिकामी राहते. 'रिक्वेस्टर'वर भिस्त ठेवू नका, तो बटण दाबून बिल्ड सुरू करणारा. वेबहुकने (पुश झाल्यावर गिटहबकडून आपोआप येणाऱ्या सूचनेने) सुरू झालेल्या बिल्डला तो नसतो. अशा पहिल्या बिल्डसाठी शेवटच्या कमिटचा ऑथर गिट लॉगमधून काढून 'टू'मध्ये घाला. ऑथर. कमिटर नव्हे.

चाचणीच्या वेळी ग्लोबल सेटिंगमधल्या 'इमर्जन्सी रीरूट'मध्ये स्वतःचा पत्ता टाका, सगळे मेल तुमच्याकडेच येतील. नंतर तो काढा. मुद्दाम एक टेस्ट मोडा, पण टर्मिनलवरून पुश करून नाही: पुल रिक्वेस्ट (बदल मिसळण्याची गिटहबवरची विनंती) काढून ब्राउझरमधून स्क्वॉश मर्ज करा. टर्मिनलवरून केलं तर ऑथर-कमिटर एकच निघतात आणि खोट सापडतच नाही.

बॉटचे (आपोआप कमिट करणाऱ्या खात्यांचे) पत्ते 'एक्स्क्लुडेड रेसिपियंट्स'मध्ये टाका, म्हणजे त्यांना मेल जाणार नाहीत. रात्रीच्या बिल्डचा मेल ठरलेल्या एका माणसाला. विषयात जॉब, ब्रँच, बिल्ड नंबर. आणि लाइव्ह करण्याआधी ऑथरचं ते सेटिंग प्रत्येक जॉबवर पुन्हा एकदा बघा.