ज्यू चित्रपट महोत्सवाचे खेळ लावताना: शनिवार आणि रविवारचं गणित

फिल्म सोसायटीत किंवा पुण्या-मुंबईच्या महोत्सवात काम केलेल्या माणसाला ज्यू चित्रपट महोत्सवातलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटतं. फसगत होते ती शनिवारी. म्हणून वेळापत्रक सकाळच्या पहिल्या खेळापासून लिहायला घेऊ नका. आधी त्या शहराचा, त्या तारखेचा सूर्यास्त काढा.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या जरा आधी लागतो आणि शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसल्यावर सुटतो. काटेकोर पाळणारा माणूस त्या वेळात गाडी चालवत नाही, पैशाला हात लावत नाही, फोन उघडत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शनिवारी दिवसा येणारेही बरेच ज्यू प्रेक्षक असतात, त्यामुळे खेळ ठेवायचे की नाही हे समितीने हॉल ठरवायच्या आधीच पक्कं करावं. ठेवलेत, तर शनिवारचा प्रत्येक चित्रपट रविवारी परत लावा.

आता गणित. नोव्हेंबरच्या मध्याला लंडनमध्ये सूर्य सव्वाचारच्या आत मावळतो, शब्बाथ सव्वापाचच्या सुमारास सुटतो. पुढे घरी हावदालाची, म्हणजे शब्बाथ संपवण्याची प्रार्थना, आवराआवर आणि प्रवास मिळून दीड तास धरा. म्हणजे साडेसातचा खेळ आरामात भरतो. सॅन फ्रान्सिस्कोचा महोत्सव मात्र उन्हाळ्यात, जुलैत भरतो. तिथे सूर्यास्तच साडेआठच्या आसपास आणि शब्बाथ सुटेपर्यंत नऊ वाजून जातात. तिथे शनिवारी रात्रीच्या खेळाला हा प्रेक्षक येईल ही आशा सोडा, त्याच्यासाठीचा चित्रपट रविवारी दुपारी लावा. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक अडचण असते, ती तिशा ब’आव या शोकाच्या उपासाची. तो आदल्या संध्याकाळीच लागतो आणि त्याआधीचे नऊ दिवस पाळणारे लोक गाणं-बजावणं टाळतात. उद्घाटनाची संगीत मैफल नेमकी त्यात सापडली, तर पुढच्या रांगा रिकाम्या दिसतील.

यंत्रांचं कामही या पंचांगातून सुटत नाही. चित्रपट डीसीपीच्या, म्हणजे सिनेमागृहात दाखवायच्या डिजिटल फाइलींच्या रूपात येतो, आणि तो कुलूपबंद असेल तर किल्ली, म्हणजे केडीएम, वेगळी येते. ही किल्ली एकाच सर्व्हरसाठी, म्हणजे एका पडद्याच्या चित्रपट चालवणाऱ्या यंत्रासाठी, आणि ठरावीक तासांसाठी चालते. ऐन वेळी खेळ पडदा एकवरून पडदा दोनवर हलवलात, तर तिचा उपयोग शून्य. मागवतानाच सर्व्हरचा क्रमांक, शहराची वेळ आणि चाचणीचे दिवस लेखी कळवा. इस्राएली वितरकाचं कार्यालय शुक्रवार-शनिवार बंद असतं. किल्ली लागत नाही हे शुक्रवारी संध्याकाळी कळलं, तर फोन उचलणारं कोणी नसतं. लंडनहून तेल अवीव हिवाळ्यात दोन तास पुढे आहे, तेव्हा लंडनमध्ये गुरुवारी सकाळी चाचणी घेतली तरी चालते. सॅन फ्रान्सिस्कोहून फरक दहा तासांचा. तिथे गुरुवारी दुपारी बारा वाजता फोन केलात, तर पलीकडे रात्रीचे दहा झालेले असतात. चाचणी बुधवारी सकाळी लवकर उरका.

चाचणीत नुसतं चित्र दिसलं म्हणून उठू नका. फाइलच्या लांबलचक नावात भाषेची खूण असते. ‘एचई-ईएन’ म्हणजे हिब्रू संवाद, इंग्रजी सबटायटल्स. ‘एचई-एक्सएक्स’ म्हणजे सबटायटल्स नाहीत. सबटायटल्सची पुरवणी वेगळी येते आणि ती सर्व्हरवर चढवायची राहून जाते, हा अगदी नेहमीचा घोटाळा. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्हीकडे दोन-दोन मिनिटं संवाद चालू असताना पाहा.

‘द सिटी विदाउट ज्यूज’ (1924) सारखा मूकपट लावणार असाल, तर हालचालीचा वेग डीसीपीत बसवलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. या चित्रपटाची हरवलेली दृश्यं 2015 मध्ये पॅरिसच्या जुन्या बाजारात सापडली. वादक समोर बसणार असतील, तर फाइलमधलं संगीत प्रोजेक्शनिस्टला बंद करायला सांगा, नाहीतर पहिल्याच मिनिटाला दोन वाद्यवृंद एकमेकांशी भांडतात. वादकांच्या दिव्यांना वरून झाकण हवं. उघडा दिवा पडद्याचा खालचा कोपरा धुऊन काढतो.

रविवार हा खरा भरगच्च दिवस. एका पडद्यावर कागदावर पाच खेळ बसतात, प्रत्यक्षात चारच लावा. 85 मिनिटांचा माहितीपट 11 ला सुरू झाला, प्रास्ताविकाची 5 आणि चर्चेची 20 मिनिटं धरली, की 12.50 होतात. हॉल रिकामा करून झाडायला 15. मग सुरक्षा तपासणी, कारण इथे प्रत्येक पिशवी उघडून पाहतात. माणशी 10 सेकंद धरले तरी 250 प्रेक्षकांना एका टेबलावर 42 मिनिटं लागतात, दोन टेबलं मांडलीत तर 21. शिवाय उशिरासाठी 20 मिनिटं हाताशी ठेवा. दुसरा खेळ 1.45 ला, तिसरा 4.30 ला, चौथा 7.30 ला. तपासणीची रांग छताखाली येईल अशी जागा आधी बघून ठेवा.

ज्यूंच्या नरसंहारावरचा चित्रपट रात्रीचा शेवटचा खेळ म्हणून लावू नका. प्रेक्षकांत वाचलेल्यांची मुलं-नातवंडं असतात, त्यांना चित्रपटानंतर बोलायला वेळ लागतो. त्याच्या पाठोपाठ विनोदी चित्रपटही नको. दुपारी 1.45 ची जागा त्याला बरी. चर्चेत प्रश्न चिठ्ठीवर घ्या. माईक फिरवलात, तर तिसऱ्या माणसापासून इस्राएलवर भाषणं सुरू होतात आणि दिग्दर्शक गप्प बसून राहतो.

खाण्याच्या टेबलावर कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या खाण्याच्या, शिक्क्याचे सीलबंद डबेच ठेवा. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून दोन्ही नसलेले ‘पारेव’ पदार्थ सोयीचे. बेने इस्राएलांच्या मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध पडतं, ते याच कारणाने. घरून शिजवून आणलेलं काही मांडू नका, भाजी असली तरी. भांडी कुठली, हा प्रश्न उरतोच.

आणि शनिवारी रात्रीच्या दारावर तिकीटधारकांची छापील यादी ठेवा, आडनावाच्या क्रमाने, मोठ्या अक्षरात. सिनेगॉगमधून थेट चालत आलेल्या माणसाच्या खिशात ना फोन असतो, ना पाकीट.