आधी गाडी, मग माणूस : सहकाऱ्याने गाडीशी छेडछाड केल्याचा संशय असताना काय करावे

कार्यालयात एखाद्याशी बिनसलेले असते आणि त्याच सुमारास पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या गाडीचे टायर वारंवार बसू लागते, दारावर नवा ओरखडा दिसतो किंवा संध्याकाळी गाडी सुरूच होत नाही. अशा वेळी मन सुतावरून स्वर्ग गाठते. कधी संशय खराही असतो. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, असेही पुष्कळदा घडते. म्हणून दोन प्रश्न कटाक्षाने वेगळे ठेवावेत : गाडीशी खरोखर छेडछाड झाली आहे का, आणि झाली असल्यास ती कोणी केली? पहिल्याचे उत्तर हाती येण्यापूर्वी दुसऱ्याकडे वळू नये, कारण एकदा नाव मनात पक्के झाले की गाडीतला प्रत्येक खडखडाट त्याच नावाचा पुरावा वाटू लागतो.

याआधी एकच गोष्ट येते, ती म्हणजे जीव. शंका ब्रेक, स्टिअरिंग, चाके किंवा इंधनाच्या वासाबद्दल असेल, तर गाडी अजिबात चालवू नये, अगदी कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जाणे किंवा दाबताना स्पंजासारखे मऊ लागणे, गाडीखाली तेलकट द्रवाचा डाग दिसणे, वेग वाढताच स्टिअरिंग थरथरणे किंवा चाकातून ठकठक आवाज येणे, ही थांबण्याची लक्षणे आहेत. (एसीतून टपकणारे पाणी स्वच्छ व वासरहित असते, त्याची चिंता नको.) गाडी जागेवरच तपासून घ्यावी किंवा उचलून नेणाऱ्या ट्रकवरून न्यावी. आधुनिक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र हायड्रॉलिक मार्ग असल्याने एक नळी निकामी झाली तरी काही ब्रेक शिल्लक राहतो, त्यामुळे चित्रपटांतील घाटातला प्रसंग सहसा तसाच्या तसा घडत नाही. मात्र थांबण्याचे अंतर धोकादायक वाढते, आणि तेवढे पुरे आहे.

आता तपासणीकडे वळू. छेडछाडीसारख्या दिसणाऱ्या बहुतेक बिघाडांना साधी कारणे असतात, आणि ती आधी नाकारता आली तरच संशयाला वजन येते. टायरचे पाहा : तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले तर हवेचा दाब साधारण २ पीएसआयने घटतो, आणि झिजलेल्या व्हॉल्व्हमधूनही हवा हळूहळू जाते, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले की गळतीची जागा कळते. रस्त्यावरचा खिळा बहुधा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात घुसतो, बाजूच्या भिंतीत नव्हे. त्यामुळे बाजूला सरळ, अरुंद चीर असेल तर ती जपून पाहावी, तरीही फुटपाथच्या कडेला घासून तो भाग फाटू शकतो, हे विसरू नये. चाकांचे नट सैल सापडले तर शेवटचे चाक कधी काढले होते, ते आठवावे, कारण चाक बसवल्यानंतर सुमारे १०० किलोमीटरच्या आत नट पुन्हा योग्य ताणाने आवळावे लागतात आणि हे काम अनेकदा राहून जाते. एकाच चाकाचे सगळे नट सैल असणे आणि त्या चाकाला अलीकडे कोणीच हात लावलेला नसणे, ही जोडी मात्र गंभीर आहे.

तुटलेल्या तारा आणि नळ्यांमागे उंदीर असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून फार जास्त असते. कुरतडलेली कड ओबडधोबड असते, तिच्यावर दातांच्या बारीक समांतर खुणा आणि जवळपास लेंड्या किंवा काड्याकचरा सापडतो. धारदार हत्याराने कापलेली कड सपाट आणि स्वच्छ असते. बॅटरी वारंवार उतरत असेल, तर उभ्या गाडीत किती विद्युतप्रवाह खर्च होतो, ते मोजून घ्यावे. बहुतेक गाड्यांत तो सुमारे ५० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी असायला हवा, आणि जास्त निघाला तर दोष एखाद्या रिलेचा (विजेच्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा), दिव्याचा किंवा मागाहून बसवलेल्या उपकरणाचा असतो. इंधनाच्या टाकीत साखर टाकल्याची शंका तर हमखास घेतली जाते. साखर पेट्रोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. ती तळाशी बसते आणि फार तर फिल्टर तुंबवते. टाकीत पाणी सापडणे अधिक संभवनीय आहे, परंतु ते पंपावरच्या भेसळीतूनही आलेले असू शकते.

मेकॅनिककडे गेल्यावर संशयिताचे नाव किंवा भांडणाची हकीकत सांगू नये. ‘कोणी मुद्दाम केले आहे का?’ असा प्रश्न विचारला की तोच धागा धरून उत्तर मिळते. त्याऐवजी ‘हे कशामुळे झाले असावे आणि किती दिवसांपूर्वी?’ एवढेच विचारावे. त्याचे मत स्वतंत्रपणे छेडछाडीकडे गेले, तर त्याला किंमत आहे. ते मत तारखेसह लेखी घ्यावे आणि त्यात ‘झीज’, ‘कुरतडणे’, ‘हत्याराने कापणे’ यांपैकी नेमके काय दिसले, ते नमूद करण्याची विनंती करावी. बदललेले भाग परत मागून घ्यावेत. बिघाड शोधणारे उपकरण (स्कॅनर) जोडून गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोडही वाचून घ्यावेत. अनेक कोडांबरोबर बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान साठलेले असते, आणि त्यावरून बिघाड धावत्या गाडीत झाला की उभ्या, याचा अंदाज बांधता येतो. कोड पुसण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेणे मात्र विसरू नये.

पुराव्याच्या बाबतीत घाई एकाच ठिकाणी करावी, ती म्हणजे सीसीटीव्हीच्या चित्रणाबाबत. पुष्कळ यंत्रणांत जुन्या चित्रणावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत नवे चित्रण नोंदले जाते. चित्रण आपल्याला दाखवले जाईलच असे नाही, पण तारीख, वेळ आणि जागा देऊन ते जपून ठेवावे, अशी लेखी विनंती इमारतीच्या व्यवस्थापनाला त्याच दिवशी करता येते. नुकसानीची छायाचित्रे दुरून आणि जवळून, मापासाठी शेजारी पट्टी ठेवून काढावीत, आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या प्रतीत तारखेची माहिती अनेकदा निघून जाते. गाडी कुठे, किती वाजता उभी केली आणि परतल्यावर काय दिसले, याची रोजची कोरडी नोंद ठेवावी; तर्क त्यात लिहू नयेत.

पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम (गाडीत बसवायचा कॅमेरा) उपयोगी पडतो, पण तो बॅटरी ठरावीक व्होल्टपेक्षा उतरल्यावर आपोआप बंद होईल असाच जोडून घ्यावा, नाहीतर संध्याकाळी गाडी सुरू न होण्याचे कारण तोच ठरेल. कार्यालयाच्या आवारात चित्रणाचे आणि आवाज टिपण्याचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी विचारून घ्यावेत. गाडीत अनोळखी ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते कळवणारे छोटे उपकरण) असल्याची शंका असेल, तर अद्ययावत आयफोन व अँड्रॉइड फोनवर मे २०२४ पासून आयफोनशी किंवा अँड्रॉइडशी जोडलेल्या, दोन्ही प्रकारच्या सुसंगत ब्लूटूथ ट्रॅकरबद्दल इशारा मिळण्याची सोय आहे. स्वतःचे सिम असलेली उपकरणे मात्र त्यात सापडत नाहीत. ट्रॅकर सापडलाच, तर तो फेकून न देता पोलिसांकडे न्यावा.

छेडछाड झाल्याचे लेखी मत हाती आल्यावर आणि त्यानंतरच माणसाचा विचार करावा. संबंधित सहकाऱ्याला एकट्याने गाठून जाब विचारणे मला सर्वांत अनिष्ट वाटते : तो निर्दोष असेल तर नाते कायमचे बिघडते, दोषी असेल तर सावध होतो आणि पुरावा नाहीसा होतो. चहाच्या टेबलावर त्याचे नाव घेणे त्याहून वाईट, कारण आरोप सिद्ध न झाल्यास बदनामीची तक्रार आपल्यावरच येऊ शकते. तक्रार मनुष्यबळ विभागाकडे किंवा वरिष्ठांकडे लेखी करावी आणि तीत केवळ घटना मांडाव्यात. ‘अमुक तारखेला सकाळी नऊ ते सायंकाळी सहा गाडी तळमजल्यावर होती, परतल्यावर मागच्या डाव्या टायरच्या बाजूला चीर आढळली, मेकॅनिकचा अभिप्राय जोडला आहे, चित्रण जपावे आणि मला दुसरी जागा मिळावी’ एवढे लिहिले तरी चौकशी सुरू होऊ शकते. त्या सहकाऱ्याने धमकी दिली असेल, तर त्याचे शब्द, वेळ आणि ऐकणाऱ्यांची नावे द्यावीत. निष्कर्ष चौकशी करणाऱ्याला काढू द्यावा.

ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकांशी मुद्दाम खेळ झाल्याचे दिसत असेल, तर कार्यालयाची वाट न पाहता थेट पोलिसांकडे जावे, आणि गाडी त्यांनी पाहीपर्यंत दुरुस्त करू नये. विमा कंपनीलाही लगेच कळवावे. मुद्दाम केलेले नुकसान पॉलिसीत समाविष्ट असले, तरी पोलिसांकडची नोंद आणि वेळेत दिलेली सूचना यांवाचून दावा अडू शकतो.

दरम्यान गाडी लोकांच्या नजरेसमोर, उजेडात आणि शक्यतो रोज वेगळ्या जागी उभी करावी. निघण्यापूर्वी एक फेरी मारून टायर, नट आणि गाडीखालची जमीन पाहावी. नट आणि चाक यांवर आडवी जाणारी रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली, तर नट फिरवला गेल्याचे एका नजरेत कळते. दुसरी किल्ली कोणाकडे आहे, तेही तपासावे. कधीकाळी विश्वासाने दिलेली किल्ली त्याच सहकाऱ्याकडे राहिलेली असू शकते. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही, तर तक्रारीची प्रत, अभिप्राय आणि छायाचित्रे जपून ठेवावीत, आणि पुढे काही घडल्यास नवी तक्रार जुन्या तक्रारीचा संदर्भ देऊन करावी.