थेम्सवरील ‘टॅटरशॉल कॅसल’ आगबोटीवर खाण्यापिण्यासाठी जाताना

लंडनमध्ये नदीवर जेवण म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जेवता जेवता शहर दाखवणारी फेरी येते. ‘टॅटरशॉल कॅसल’ तशी बोट नाही. ती व्हिक्टोरिया एम्बँकमेंट या थेम्सकाठच्या रस्त्याला कायमची बांधलेली जुनी आगबोट असून आज तिच्यावर पब आणि रेस्टॉरंट चालते. त्यामुळे येथे फेरीचे तिकीट काढावे लागत नाही, सुटण्याची वेळ पाळावी लागत नाही आणि केवळ एखादे पेय घेऊन डेकवर बसले तरी चालते. मात्र बोट सुटत नसली, तरी पाणी तिला वरखाली करतच असते. म्हणून येथे जाण्याचा बेत घड्याळाबरोबरच भरती-ओहोटी पाहूनही आखावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी बोटीविषयी थोडे सांगतो, कारण ते माहीत असले की तेथील बसणे अधिक अर्थपूर्ण होते. दोन बाजूंना वल्ह्यांची मोठी चाके असलेली ही आगबोट 1934 साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील वेस्ट हार्टलपूल येथे बांधली गेली आणि हंबर नदीच्या रुंद मुखावर हल ते न्यू हॉलंड अशी उतारूंची ने-आण करू लागली. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींनी जे काम केले, त्याच जातीचे काम तिने तेथे केले. 1973 साली ती सेवेतून निघाली, पुढे 1981 मध्ये हंबरवर पूल झाला आणि नदी ओलांडण्याची ती फेरीच बंद पडली. लंडनला आणलेल्या या बोटीवर 1982 पासून खाण्यापिण्याची सोय आहे. जिचे नाव तिला दिले आहे ती लिंकनशरमधील विटांची गढी 1911 साली लॉर्ड कर्झन यांनी विकत घेऊन दुरुस्त केली होती. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला ठाऊक असलेले व्हाइसरॉय ते हेच.

तेथे पोहोचणे सोपे आहे. भुयारी रेल्वेच्या एम्बँकमेंट स्थानकावर डिस्ट्रिक्ट, सर्कल, नॉर्दर्न आणि बेकर्लू या चारही मार्गांच्या गाड्या थांबतात. नदीच्या बाजूने बाहेर पडून उजवीकडे, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या दिशेने, थोडे चालले की बोट दिसते. कठड्यापासून बोटीपर्यंत गँगवे, म्हणजे चढण्या-उतरण्याची फळकूटवजा वाट, आहे आणि भरती-ओहोटीचा पहिला प्रत्यय तेथेच येतो. मध्य लंडनमध्ये मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे सात मीटरांचा फरक पडतो. भरतीला जो गँगवे जवळजवळ सपाट वाटतो, तो ओहोटीला चांगलाच उतरता होतो. सोबत वयस्कर मंडळी किंवा गुडघेदुखीचे कोणी असल्यास भरतीच्या आसपासची वेळ निवडावी. पोर्ट ऑफ लंडन ॲथॉरिटी भरतीची वेळापत्रके प्रसिद्ध करते, ती आदल्या दिवशी पाहून ठेवावीत. बोटीच्या आतले जिनेही अरुंद आणि उभे असू शकतात. चाकाची खुर्ची असल्यास आधी फोन करून नेमकी सोय विचारून घ्यावी आणि मुले बरोबर असतील तर त्यांना किती वाजेपर्यंत थांबता येते, हेही त्याच वेळी विचारावे.

दृश्याचेही तसेच आहे. भरतीच्या वेळी डेक उंचावतो आणि दोन्ही काठ मोकळे दिसतात. ओहोटीला आपण एम्बँकमेंटच्या भिंतीपेक्षा खाली जातो आणि काठाकडची नजर दगडावर अडते. तरीही ती वेळ अगदी टाकाऊ नाही. त्या भिंतीवर नदीकडे तोंड करून ओळीने काशाची सिंहमुखे बसवलेली आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडात बोट बांधण्याची जाड कडी आहे. रस्त्याने चालणाऱ्यास ती सहसा दिसत नाहीत, बोटीवरून मात्र नीट न्याहाळता येतात.

नदीकडे तोंड करून बसल्यास समोर ‘लंडन आय’ हा उंच पाळणा, उजवीकडे वेस्टमिन्स्टर आणि डावीकडे हंगरफर्डचा रेल्वेपूल असतो. बोट पश्चिमेच्या काठाला असल्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागच्या इमारतींआड मावळतो आणि उन्हाचा शेवटचा रंग समोरच्या काठावर पडतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी तास-दीड तास जागा धरावी. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नवानंतर, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आधीच होतो, हे विसरू नये. उन्हाळ्यातही पाण्यावरचा वारा बोचतो, तेव्हा जाकीट बरोबर असावे. शेजारून वेगवान बोट गेली की लाटेने टेबल किंचित हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी आतल्या दालनात बसावे.

पबमध्ये साधारणपणे आपणच काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यावी लागते आणि पैसे तेथेच चुकते करावे लागतात, म्हणून टेबलाचा क्रमांक आधी पाहून ठेवावा. मित्रमंडळी असल्यास प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेये आणण्याची तेथे रीत आहे. ती पाळण्यात आनंद आहे, पण मंडळी मोठी असेल तर पिणे आवाक्याबाहेर जाते, हे ध्यानात ठेवावे. बिअरचा पाइंट 568 मिलिलिटरचा असतो. पहिल्यांदा चव घेणाऱ्याने अर्धा पाइंट मागण्यात काहीही कमीपणा नाही. एल ही पारंपरिक इंग्लिश बिअर तळघराच्या तापमानाला देतात, त्यामुळे ती आपल्याकडच्या बिअरसारखी बर्फगार नसते. गार हवी असल्यास लागर जातीची बिअर मागावी. वय अठराच्या पुढे असले तरी तरुण दिसणाऱ्यांकडे ओळखपत्र मागितले जाते. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. परवाना असलेल्या ठिकाणी पिण्याचे साधे पाणी फुकट देणे इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे.

खाण्याबाबत शाकाहारी मंडळींनी दोन-तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. बटाट्याचे चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळले जातात का, पदार्थात वूस्टरशर सॉस आहे का (त्यात अँकोव्ही नावाचे मासे असतात) आणि चीजसाठी दूध गोठवायला प्राणिज रेनेट (वासरांच्या पोटातून मिळणारे द्रव्य) वापरले आहे का, हे प्रश्न तेथे कोणालाही विचित्र वाटत नाहीत. मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी मासे बुडवून तळायच्या पिठात बिअर घातली आहे का, तेही विचारावे. मासे खाणाऱ्यांना कॉड किंवा हॅडॉक आपल्या सुरमईपुढे फिका वाटतो. सिरक्याचा हात सैल सोडला की त्याला चव येते. शेंगदाणे, दूध, अंडी यांसह चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे, म्हणून ॲलर्जी असल्यास ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगावे. बिलात सेवाशुल्क आधीच धरले आहे का, ते पाहून मगच वेगळी टिप द्यावी.

निघताना घाई करू नये. दोन-तीन तासांत पाणी पुष्कळ बदललेले असते आणि येताना सपाट असलेला गँगवे आता चढणीचा झालेला असू शकतो. शुक्रवारी आणि शनिवारी एम्बँकमेंटवरून नॉर्दर्न मार्गाच्या गाड्या रात्रभर मिळतात, इतर दिवशी मात्र शेवटच्या गाडीची वेळ बसण्यापूर्वीच पाहून ठेवावी.