मन शांत करणारं रुटीनच त्रास द्यायला लागलंय? बेकिंग, व्यायाम आणि बागकामातल्या या चुका टाळा

मन थाऱ्यावर नसलं की मी केक करायला घेते. नेहमीचाच, साधा व्हॅनिला. रेसिपी बघावी लागत नाही, हात आपोआप चालतात, आणि बटर-साखर फेटताना पिवळा रंग हळूहळू फिकट होऊन क्रीमसारखा दिसायला लागला की माझा श्वासही जरा सावकाश होतो. कुणाला हेच रोजच्या रस्त्याने चालून मिळतं, कुणाला कुंड्यांपाशी बसून. पण ह्याच गोष्टींनी उलटा त्रास होतोय असंही बरेच जण सांगतात, आणि थोडं खोलात गेलं की कळतं की ज्या कामात डोकं मोकळं व्हायला हवं तिथेच आपण स्वतःची परीक्षा घ्यायला बसलेलो असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाईट दिवशी काहीतरी नवीन करायला घेणं. बाबा हॉस्पिटलमधे होते तेव्हा एका रात्री मी पहिल्यांदाच क्रोसाँ, म्हणजे बटरच्या थरांचा पाव, करायला बसले. त्या पिठाला प्रत्येक घडीनंतर फ्रीजमधे थंड होऊ द्यावं लागतं, धीर लागतो, आणि नेमका तोच त्या रात्री माझ्याकडे नव्हता, मग काय, बटर थरांमधून वितळून सगळं ट्रेमधे आलं आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडले. नवीन रेसिपी बऱ्या दिवसासाठी ठेवा. वाईट दिवशी तेच करा जे झोपेतही जमेल.

आणि नेहमीचंच बिघडलं तर? तेव्हा "मला आता साधा केकही जमत नाही" असं मनाला लावून घेऊ नका, कारण बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. केक फुगलाच नाही तर आधी बेकिंग पावडर तपासा, चमचाभर गरम पाण्यात टाकली की लगेच फसफसली पाहिजे, नाही फसफसली तर ती जुनी झालीये. मधे खचला तर बहुधा ओव्हनचं दार लवकर उघडलं गेलं, मधला भाग शेवटी सेट होतो म्हणून पहिला दोन तृतीयांश वेळ दाराला हातच लावायचा नाही. कडा करपतायत आणि आत कच्चं राहतंय तर ओव्हन खोटं बोलतोय असं समजा, डायल १८० दाखवतो पण आत २०० असू शकतं, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या. केक घट्ट, चिवट होत असेल तर मैदा घातल्यावर तुम्ही खूप वेळ फेटताय, तिथे ग्लुटेन, म्हणजे पीठ चिवट करणारं प्रथिन, तयार होतं, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. आणि मैदा कपाने नको, वजनाने घ्या. हलक्या हाताने भरलेल्या कपात १२० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि दाबून भरला की १५० पर्यंत जातो, म्हणजे तुमची "तीच" रेसिपी रोज वेगळी होत असते!

व्यायामाचं थोडक्यात सांगते. मन जड आहे म्हणून त्या दिवशी दुप्पट करायचं, ही चूक. आणि महिनाभर गॅप पडल्यावर जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करायचं, ही त्याहून मोठी, कारण अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते आणि तोवर आपण परत जोर लावलेला असतो. गॅपनंतर निम्म्यावर या. सांधा दुखला किंवा छातीत काही वाटलं तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. वेळ नाही म्हणून अजिबातच न करणारेही आहेत, त्यांच्यासाठी, व्यायाम सलग १० मिनिटं झाला तरच मोजायचा ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मधे काढून टाकली, त्यामुळे पाच मिनिटं चाललात तरी ती मोजायची.

एक दिवस चुकला की सगळं सोडून देणं, हे तर तिन्हीकडे होतं. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमधे ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. त्यामुळे काल झालं नाही तर आज करा, भरपाई म्हणून डबल नको. पण दोन आठवडे झाले तरी ज्यात जीव रमायचा त्यात रमतच नाहीये, झोप-भूक बिघडलीये, तर ते रुटीनवर सोडू नका, डॉक्टरांशी बोला.

आता झाडं, इथे चूक मायेपोटीच होते. मन अस्वस्थ असलं की आपण उठसूट पाणी घालतो. मुळांना हवा लागते, माती सतत ओली राहिली की मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळं सडतात, मग सडलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत आणि पानं मान टाकतात, ती बघून आपण अजून पाणी घालतो. माझा मनी प्लांट असाच गेला असता. कुंडीतून काढला तर मुळं तपकिरी, हाताला बुळबुळीत आणि वास येणारी, फक्त वरती थोडी पांढरी, घट्ट उरली होती. सडलेली सगळी स्वच्छ कात्रीने कापली, नवीन भुसभुशीत मातीत लावला. अशा वेळी खत अजिबात घालू नका, मोठी कुंडीही नको, कारण जास्त माती म्हणजे जास्त वेळ ओलावा. कुंडीच्या तळाला खडे घालून निचरा सुधारतो असं सांगतात, त्यानेही काही होत नाही, भोक मोकळं आहे ना तेवढं बघा आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

हात शिवशिवतातच, मलाही होतं. तेव्हा मी पानं ओल्या फडक्याने पुसते, वाळलेली काढते, आणि बोट दोन पेरं मातीत घालून बघते. गार, ओलसर लागलं तर झारी परत जागेवर.