मिनिटामिनिटाला बीप करणारा स्मोक अलार्म कसा शांत करावा

अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्या किंवा मुलांकडे सहा महिन्यांसाठी राहायला गेलेल्या मंडळींना कधी ना कधी ऐन मध्यरात्री छतावरून एक आखूड, कानात घुसणारा बीप ऐकू येतो. अर्ध्या-एक मिनिटाने तो पुन्हा वाजतो आणि मग झोपेचे खोबरे होते. अशा वेळी स्टुलावर चढून अलार्म उपसून काढण्याआधी आवाजाची लय नीट ऐकावी. लागोपाठ तीन लांब बीप, थोडी उसंत आणि पुन्हा तीन, अशी लय असेल तर तो धुराचा इशारा आहे. चार आखूड बीप, काही सेकंद शांतता आणि पुन्हा चार, अशी लय असेल तर तो कार्बन मोनॉक्साइडचा इशारा आहे. या वायूला वास नसतो, त्यामुळे 'काहीच जळत नाहीये' हा आपला निष्कर्ष तिथे उपयोगाचा नाही. दोन्ही प्रसंगी सर्वांनी घराबाहेर पडून 911 ला फोन करावा. पुढील मजकूर फक्त अधूनमधून वाजणाऱ्या एकट्या बीपविषयी आहे, कारण त्यातून अलार्म धुराची नव्हे, तर स्वतःची तक्रार सांगत असतो.

ही तक्रार बहुतेक वेळा बॅटरीची असते. ती रात्रीच सुरू होण्यामागेही कारण आहे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा व्होल्टेज किंचित उतरतो. त्यामुळे आधीच अशक्त झालेली बॅटरी पहाटे, घर सर्वांत गार असताना, इशाऱ्याच्या मर्यादेखाली घसरते. सकाळी हीटर सुरू होऊन घर उबदार झाले की बीप आपोआप थांबतो आणि घरचे लोक बिघाड दुरुस्त झाला असे समजून तो विषय सोडून देतात. प्रत्यक्षात बॅटरी बदलण्याची वेळ आलेलीच असते.

पहिले खरे काम म्हणजे वाजणारा अलार्म नेमका शोधणे. प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमबाहेरच्या बोळात एक आणि तळघरासह प्रत्येक मजल्यावर किमान एक, असे हिशेबाने बसवलेले पाच-सहा अलार्म एका घरात सहज असतात, आणि इतक्या वरच्या पट्टीतील क्षणिक आवाजाची दिशा कानाला चटकन कळत नाही. प्रत्येक अलार्मखाली पुरते एक मिनिट उभे राहावे, घाई करून पुढे जाऊ नये. अलार्म एकमेकांना जोडलेले असले तरी धुराच्या किंवा चाचणीच्या वेळीच ते सगळे एकत्र वाजतात. बॅटरीचा बीप ज्याचा त्यालाच येतो. छतावरचे सगळे गप्प असतील, तर जमिनीलगतच्या सॉकेटमध्ये लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहावा आणि कपाटे व गॅरेजमधील खोकीही तपासावीत. आधीच्या भाडेकरूने काढून खणात टाकलेला जुना अलार्म तिथूनही इमानेइतबारे बीप करत राहतो.

अलार्म सापडल्यावर भक्कम शिडी घ्यावी. चाकाच्या खुर्चीवर कोणीही चढू नये. बहुतेक अलार्म घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडे फिरवले की पट्टीतून सुटतात, तर काहींमध्ये बॅटरीचा लहान खण बाजूला असतो. मागे वायरींचा प्लग दिसला तर तो घरातील 120 व्होल्टच्या विजेवर चालणारा अलार्म आहे आणि त्यातील बॅटरी फक्त वीज गेल्यानंतरची सोय आहे. अशा वेळी त्या लाइनचा ब्रेकर आधी बंद करावा आणि मग प्लगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा दाबून तो सोडवावा. वायर ओढू नये.

बॅटरी कोणती घालायची ते अलार्मच्या मागच्या लेबलवर छापलेले असते. ती बहुधा 9 व्होल्टची चौकोनी किंवा डबल-ए असते. तिथे लिहिलेल्या प्रकाराचीच नवी बॅटरी घ्यावी. कॅमेऱ्यातील किंवा खेळण्यातील रिचार्जेबल बॅटरी इथे चालत नाही. नवी बॅटरी घालण्यापूर्वी टेस्टचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवावे. त्यामुळे आतील सर्किटमध्ये उरलेला विद्युतभार निघून जातो. ही पायरी गाळल्यामुळे कोरी करकरीत बॅटरी घालूनही बीप येत राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबावीत, खण पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी, अलार्म जागेवर बसवावा, ब्रेकर पुन्हा सुरू करावा आणि टेस्टचे बटण दाबून पाहावे. अलार्म जोडलेले असतील तर या चाचणीने सगळे घर दणाणते. पाळण्यात बाळ झोपलेले असेल तर हे काम सकाळवर ढकलायला हरकत नाही.

एवढे करूनही बीप थांबला नाही तर लेबलवरील उत्पादनाची तारीख वाचावी. स्मोक अलार्मचे आयुष्य 10 वर्षांचे धरले जाते आणि ते खरेदीच्या नव्हे, तर उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपलेल्या अलार्ममध्ये कितीही बॅटऱ्या बदलल्या तरी उपयोग नाही, तो अख्खाच बदलावा लागतो. 10 वर्षांच्या सीलबंद बॅटरीचा अलार्म असेल तर त्याची बॅटरी बदलताच येत नाही. मागची खूण केलेली कळ स्क्रूड्रायव्हरने सरकवली की तो कायमचा बंद होतो, म्हणून नवा अलार्म हातात आल्यावरच ती सरकवावी. विजेवरच्या अलार्मच्या जागी नवा आणताना जुना दुकानात सोबत न्यावा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लग सारखे नसतात आणि जोडलेल्या जाळ्यात कोणतीही दोन मॉडेले मनाने मिसळता येत नाहीत. मुदत बाकी असेल तर सैल प्लग, पडलेला ब्रेकर आणि धूळ यांचा संशय घ्यावा. भिंती घासून रंगकाम झालेल्या घरात बारीक भुकटी आतल्या कप्प्यात शिरते, उन्हाळ्यात लहान किडे शिरतात. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी बाहेरून साफ करावी, पाणी किंवा साबण लावू नये.

स्वयंपाकघराचे दुखणे निराळे आहे. लाल मिरचीची फोडणी किंवा तव्यावर भाजलेले सुके बोंबील यांनी एकटा बीप नव्हे, पूर्ण अलार्म वाजतो, आणि मग अलार्मवर शॉवर कॅप चढवण्याचा उपाय एकमेकांना सांगितला जातो. तो उपाय मला अजिबात मान्य नाही, कारण कॅप काढायची आठवण कोणालाच राहत नाही. हशचे बटण दाबले की बहुतेक अलार्म आठ-दहा मिनिटे शांत राहतात आणि नंतर आपोआप पूर्ववत होतात. शिवाय शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर सोडतो का, हे पाहावे. अनेक अपार्टमेंटमध्ये तो मायक्रोवेव्हखालचा असतो आणि जाळीतून गाळलेली हवा पुन्हा खोलीतच फेकतो, त्यामुळे फोडणीआधी खिडकी उघडणे भाग पडते. शेगडीपासून 10 फुटांच्या आत अलार्म नसावा आणि स्वयंपाकघराजवळ फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणाऱ्या) प्रकारचा बसवावा, कारण आयोनायझेशन (किरणोत्सारी द्रव्याच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या) प्रकारापेक्षा तो स्वयंपाकाच्या धुराला कमी भडकतो. स्मोक अलार्मसाठीच्या यूएल 217 या अमेरिकी मानकात आता स्वयंपाकाच्या धुराची चाचणी आहे; ती हॅम्बर्गर भाजून घेतात, आपल्या फोडणीचा विचार त्यात नाही.

घर भाड्याचे असेल तर बॅटरी संपल्याचे व्यवस्थापनाला लेखी कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत अलार्म काढून ठेवू नये. बहुतेक करारांत तो नियमभंग ठरतो. पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींमधील डिटेक्टरला बहुधा स्वतःची बॅटरी नसते, तो तळमजल्यावरील पॅनलला जोडलेला असतो. तिथे बीप पॅनलवर वाजतो आणि सोसायटीच्या देखभाल करणाऱ्याला बोलवावे लागते.

काढलेली 9 व्होल्टची बॅटरी सुट्या नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खणात टाकू नये. तिची दोन्ही टोके शेजारीशेजारी असल्याने धातू लागताच शॉर्ट होऊन आग लागू शकते, म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावावी. आयोनायझेशन प्रकारच्या जुन्या अलार्ममध्ये अमेरिसियम-241 हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. तो फोडून पाहू नये. कंपनी परत घेत असेल तर तिला पाठवावा, नाहीतर आपल्या काउंटीच्या कचरा विभागाचा नियम पाहून टाकावा.