ईडेल: इंग्लंडमधलं खेडं पायी कसं बघावं

इंग्लंडमधलं खेडं बघायचं म्हणून पुष्कळ लोक टूरच्या बसमध्ये बसतात, दिवसात चार गावं उरकतात आणि प्रत्येक ठिकाणी फोटो काढून परततात. मी शेफिल्डला राहते. भारतातून आमच्याकडे कुणी आलं की मी त्यांना या फंदात पडू देत नाही. एकच गाव घ्यावं आणि त्याच्या शेतांतून चालत ते बघावं. माझं गाव ठरलेलं आहे: डर्बीशायरमधलं ईडेल.

इथे यायला कार लागत नाही. शेफिल्ड–मँचेस्टर मार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. शेफिल्डहून साधारण अर्धा तास, मँचेस्टरहून पाऊण तास. जलद गाड्या थांबत नाहीत, म्हणून सगळीकडे थांबत जाणारी गाडी निवडा आणि स्टेशनातून बाहेर पडण्याआधीच परतीच्या गाडीची वेळ बघून ठेवा, कारण एक चुकली तर पुढची बराच वेळ नसते. गावात मोबाइलला रेंज कमी मिळते. नकाशा घरूनच उतरवून घ्या, किंवा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ‘डार्क पीक’ या भागाचा कागदी नकाशा घ्या. त्यावर एकेका शेताची भिंत दाखवलेली असते, आणि तो वाचत चालण्यात वेगळीच मजा आहे.

कधी यावं? मे-जूनमध्ये. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आत दिवस संपतो. वसंतात कुरणांत कोकरं बागडत असतात. ऑगस्टमध्ये वरच्या माळांवर हेदरची जांभळी फुलं येतात. तेव्हाही या, पण शनिवार-रविवार टाळा.

स्टेशनपासून गावातला रस्ता वर जातो. वाटेत चर्च लागतं. दार मिटलेलं दिसलं तरी लोखंडी कडी फिरवून बघा, उघडं असलं तर आत जायला हरकत नसते. रस्त्याच्या टोकाला ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हा जुना पब आहे. इथूनच पेनाइन वे सुरू होते: 1965 साली खुली झालेली, 268 मैलांची, थेट स्कॉटलंडमधल्या कर्क येथॉमपर्यंत जाणारी पायवाट. ती सगळी चालायची गरज नाही. पहिला तुकडा, शेतांमधून अपर बूथ या वस्तीपर्यंतचा, ज्येष्ठांनाही जमतो. माझ्या सासूबाई साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये तिथवर आरामात गेल्या. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत, कोकणातल्या गडग्यांसारख्या. त्या भिंती बघत सासूबाई जागोजागी थांबत होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही शेतं खाजगी आहेत, आणि तरी त्यांतून जाणाऱ्या नोंदलेल्या वाटेवर चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे, पाहुण्यालाही. ‘पब्लिक फूटपाथ’ची पाटी किंवा पिवळा बाण दिसला की निःशंक आत शिरा. निळा बाण असेल तर तिथून घोडे आणि सायकलीही जातात. आपल्या लोकांना फाटक उघडून दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकायला संकोच वाटतो; तो सोडा. मात्र वाट सोडून गवतात पसरू नका, ते शेतकऱ्याचं पीक असतं. फाटक जसं असेल तसं ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. वासरांसोबत गाई दिसल्या तर लांबून वळसा घ्या. भिंत चढून ओलांडायला जिथे पायऱ्या केलेल्या असतात तिथूनच ओलांडा, कारण निसटलेला एक दगड पुढे सगळी भिंत पाडतो.

हा हक्क लोकांनी भांडून वाढवला आहे, आणि तो इतिहास गावाच्या डोक्यावरच उभा आहे. उत्तरेला दिसतं ते 636 मीटर उंचीचं किंडर स्काउटचं पठार. ते पूर्वी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं असे, आणि सामान्य माणसाला वर मज्जाव होता. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने कामगारवस्तीतली शेकडो माणसं पलीकडच्या हेफिल्ड गावातून मुद्दाम वर घुसली. पाच जणांना तुरुंगवास झाला. 1951 मध्ये हाच सगळा मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर वाट सोडूनही चालायची मुभा मिळाली. पाहुण्यांना मी हे पायथ्याशी उभं राहून सांगते. मग त्यांना साध्या पिवळ्या बाणाचंही मोल कळतं.

किंडरवर मात्र नवख्यांनी एकट्याने जाऊ नये. वर काळा, पाय रुतणारा पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) चिखल आहे आणि धुकं अचानक उतरतं. सह्याद्रीत कितीही हिंडला असाल तरी तिथे नकाशा आणि होकायंत्र हवंच. त्याऐवजी दक्षिणेची डोंगरधार घ्या. गावातून तासाभरात हॉलिन्स क्रॉस या खिंडीत पोचता येतं. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा इथले लोक मृतांना खांद्यावर घेऊन याच खिंडीतून होप गावच्या चर्चला नेत. खिंडीतून उजवीकडे धारेवरून 517 मीटरचा मॅम टॉर. वाटेवर फरशा घातलेल्या आहेत. माथ्यावर एका बाजूला ईडेलची काळपट दगडी भिंतींची शेतं आणि दुसऱ्या बाजूला पलीकडच्या कासलटन गावाकडचे चुनखडीचे पांढरे कडे एकदम दिसतात. अख्ख्या सहलीतली ही माझी सर्वांत आवडती जागा. खाली डोंगर सरकून मोडलेला जुना मोटाररस्ता दिसतो. दुरुस्त करून करून थकल्यावर 1979 मध्ये तो बंद केला. त्याच्या दुभंगलेल्या डांबरावरून चालत कासलटनला उतरता येतं. मुलांना हे फारच आवडतं.

वारा इतका असतो की छत्री टिकत नाही. टोपीचं पावसाळी जाकीट, आत दोन पातळ थर आणि बदलायला मोजे घ्या. हाफ पँट घातलेल्या मुलांना नेटल या झुडपापासून जपा, पानाला नुसतं अंग लागलं तरी आग होते. दशमी, चटणी, फळं डोंगरावर बसून खुशाल खा. कचरापेट्या नसतात, सालींसकट सगळं परत आणा.

पबमध्ये टेबलावर ऑर्डर घ्यायला कुणी येईल म्हणून वाट बघू नका. टेबलाचा नंबर बघून काउंटरवर सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. पुष्कळ ठिकाणी दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं, म्हणून आधी विचारा. दारू घेतलीच पाहिजे असं नाही, चहा मिळतो. शाकाहारींसाठी चीज घातलेला भाजलेला बटाटा बहुतेक ठिकाणी असतो. खिशात सुटी नाणीही ठेवा: खेड्यांत घरांबाहेर अंडी किंवा जॅम मांडून शेजारी डबा ठेवलेला असतो, पैसे त्यात टाकून वस्तू घ्यायची.

दुसरा दिवस हाताशी असेल तर कासलटनला मुक्काम करा. वर पेव्हरिलचा नॉर्मन किल्ला, खाली ब्लू जॉन या जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या दगडाच्या गुहा. परतायला शेफिल्डची बस मिळते, किंवा शेतांतून होप स्टेशनपर्यंत चालत जा. वाट सपाट आहे आणि तासाभरात संपते.